पडवी ऑन व्हील्स!

मोटरहोम घेतली. बेड झाले, सिंक झालं, चार्जिंग पॉइंट झाले. पण बसायचं कुठे? चेंबूरच्या एका घराला याचं उत्तर गाडीच्या बाहेर सापडलं. ऑनिंग निवडायची कशी आणि ताणायची कशी, त्याची ही गोष्ट.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला की चेंबूर निळं व्हायला लागतं. स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर ताडपत्रीच्या घड्या रचल्या जातात, हार्डवेअरच्या दुकानांबाहेर नायलॉनच्या दोरीची वेटोळी लटकतात आणि सगळीकडे एकच सवाल ऐकू येतो, 'बारा बाय पंधरा कितीला?' टिळकनगर, सुभाषनगर, सहकारनगर... म्हाडाच्या जुन्या वसाहतींमध्ये तळमजल्यावर वाढलेल्या कुणालाही विचारा, हा सवाल त्याला पाठ असतो. दारासमोरच्या चार फुटांवर ताडपत्री ताणली, खाली दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकल्या की झाली मुंबईची पडवी! पेपर तिथेच, चहा तिथेच आणि 'काय म्हणताय?'सुद्धा तिथेच.

आता त्या इमारती एकेक करून पाडल्या जाताहेत. जागोजागी टॉवर उभे राहताहेत. लिफ्ट आली, पोडियम आलं, जिम आलं. पडवी मात्र गेली.

मोटरहोमच्या लेखात हे कशाला, असं वाटतंय ना? सांगते.

माझा एक मित्र पक्का टिळकनगरचा. जुनं घर तळमजल्यावर, नवं चौदाव्या मजल्यावर. तो आणि त्याची बायको दोघंही आयटीत. दोघांनी मिळून एक सेकंडहॅण्ड फोर्स ट्रॅव्हलर घेतली आणि रीतसर कॅम्पर करून घेतली. आत दोन बेड, छोटा ओटा, पाण्याची टाकी, छतावर सोलर पॅनेल. एकदम झक्कास! माहुलच्या रिफायनरीतून फिटर म्हणून रिटायर झालेले त्याचे बाबा गाडी बघायला खाली आले. वय 74, गुडघे कुरकुरणारे. पायरी चढून आत गेले, बेडवर बसून बघितलं, नळ सोडून बघितला आणि म्हणाले, ''छान आहे रे. पण बसायचं कुठे?''

''बाबा, हे काय, बसलायत की तुम्ही!''

''हे झोपायचं झालं. बसायचं कुठे?''

प्रश्न वाटतो साधा, पण आहे लाखमोलाचा. दुपारी उन्हात उभी असलेली पत्र्याची गाडी म्हणजे चालतीबोलती भट्टी. बाहेर बसावं, तर ऊन. पाऊस आला, तर सगळी वरात आत, गुडघ्याला गुडघा लावून. म्हणजे राहायला घर आहे, पण घराला ओटी नाही. मोटरहोमची ओटी म्हणजेच ऑनिंग. गाडीच्या कुशीतून बाहेर ओढायचं कापडी छप्पर.

वारीतला ट्रक आठवतोय?

ऑनिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर युरोपातलं तळं, पांढरी कॅरव्हान आणि सनग्लासेस लावलेले आजी-आजोबा येतात. पण आयडिया आपल्याकडे काही नवी नाही. आषाढी वारीत दिंड्यांबरोबर सामानाचे ट्रक चालतात. मुक्कामाला पोचलं की ताडपत्रीची एक कड ट्रकच्या फाळक्याला बांधायची, दुसरी कड बांबूंवर उचलायची, दोर ताणून खुंट्या ठोकायच्या. पाच-दहा मिनिटांत खाली स्वयंपाकाची नाही तर पाठ टेकायची सोय होते. बाहेर पाऊस कोसळत असला तरी. तेच कापड गुंडाळायला एक रूळ दिला, बांबूच्या जागी अॅल्युमिनियमचे पाय आले आणि सगळं एका पेटीत बसवलं की ती झाली कॅसेट ऑनिंग. बाकी फण्डा तोच!

चेंबूरला चाकांवरच्या खोल्यांचंही कौतुक नाही. इथे 1948 मध्ये आर. के. स्टुडिओ सुरू झाला. नव्वदच्या दशकात हिंदी सिनेमात व्हॅनिटी व्हॅनचा जमाना आला आणि मेकअप रूमसुद्धा चाकांवर फिरायला लागली. सप्टेंबर 2017 मधल्या आगीत स्टुडिओचा मोठा भाग जळाला आणि 2019 मध्ये ती जागा गोदरेज प्रॉपर्टीजने घेतली. स्टुडिओ गेला, पण चाकांवरच्या खोल्या आता तुमच्या-आमच्यासारख्यांच्या स्वप्नात आल्या आहेत. महाराष्ट्र सरकारनेही 2021 मध्ये कॅरव्हान पर्यटनाचं धोरण आणलं. म्हणजे हा शौक आता फक्त परदेशातून परत आलेल्यांचा राहिलेला नाही.

कोणती घेऊ हाती?

मित्राने लॅपटॉपवर एक्सेल शीट उघडली (आयटीवाला ना!) आणि बाजारातल्या ऑनिंगचे चार गट पाडले. तुमच्यासाठी त्याचंच सार.

पहिली, रोलवाली कॅसेट. गाडीच्या बाजूला किंवा छताच्या कडेला कायमची बसवलेली अॅल्युमिनियमची लांब पेटी. हॅण्डल फिरवलं की आतल्या रुळावरचं कापड बाहेर येतं. इटलीची फियामा, स्वीडनची थुले ही या दुनियेतली मोठी नावं. एकट्या माणसाला उघडता येते, हा सगळ्यात मोठा प्लस पॉइंट. मायनस म्हणजे किंमत आणि वजन. तीन मीटरची कॅसेट साधारण 20 किलोंच्या आसपास जाते आणि हा सगळा भार गाडीच्या एकाच अंगाला कायमचा लटकतो.

दुसरी, पिशवीवाली. एसयूव्हीच्या रूफ रॅकला बांधतात ती. साधारण दोन बाय अडीच मीटरचं कापड, चेनच्या पिशवीत गुंडाळलेलं. हलकी आणि खिशाला परवडणारी. पण उघडताना एकाने काठी धरायची आणि दुसऱ्याने पाय लावायचे. वारा असेल तर तिसराही हवा!

तिसरी, गाडीला जोडायचा तंबू. चहूबाजूंनी भिंती, आत वेगळी खोली. गाडी सोडवून बाजारात जाऊन या, तंबू जागेवरच उभा. एकाच ठिकाणी चार-पाच दिवस राहणार असाल तर बेस्ट. रोज मुक्काम बदलणार असाल तर रोजची डोकेदुखी.

चौथी, आपली देशी. गाडीच्या कडेला एक अॅल्युमिनियमची खाच असलेली पट्टी बसवायची, ताडपत्रीवाल्याकडून कापडाच्या कडेला गोल दोरी शिवून घ्यायची आणि ती कड त्या खाचेत सरकवायची. पुढे दोन काठ्या, दोन दोर. सगळ्यात स्वस्त. फाटली तर शिवणारा कुठल्याही गावात मिळतो.

एक्सेलमध्ये देशी जिंकत होती. किंमत, वजन, दुरुस्ती, सगळ्यात पुढे. मग बायकोने शीटमध्ये एक कॉलम वाढवला, 'उघडणार कोण?'

इथे सगळा खेळ फिरला. ड्रायव्हिंग करून थकलेला मित्र पोचल्या पोचल्या आडवा होणार. ती चहाचं बघणार. म्हणजे पडवी उघडायची ती बाबांनी. गुडघ्यांमुळे त्यांना ना शिडीवर चढता येत, ना वाकून कापड ओढता येत. पण उभ्या उभ्या हॅण्डल फिरवता येतं! कॅसेट ठरली. त्यासाठी त्या दोघांनी त्या वर्षीची थायलंडची ट्रिप रद्द केली. तेव्हा मंडळी, ऑनिंग घेताना कॅटलॉग नंतर बघा. आधी घरात ती कोण उघडणार ते बघा.

भिंत धरेल का?

कॅसेट घेतली म्हणजे निम्मं काम झालं. बसवणं हे उरलेलं निम्मं. आपल्याकडे ट्रॅफिक डावीकडून, त्यामुळे गाडीचं प्रवासी दार डावीकडे. ऑनिंगही डावीकडेच हवी, नाही तर पडवी उघडणार भर रस्त्यावर! परदेशातून मागवणार असाल तर हॅण्डल कुठल्या टोकाला येतं, ते आधी विचारा. बाबांसाठी ते मागच्या टोकाला घेतलं, म्हणजे उघडताना दाराच्या पायरीची अडचण नको.

दुसरं म्हणजे नुसत्या पत्र्याला स्क्रू मारून ही पेटी टिकत नाही. एका बॉडीवाल्याने ''पत्रा जाड आहे, धरेल'' असं म्हणत ड्रिल हातात घेतलंसुद्धा. बाबांनी त्याला थांबवलं. आयुष्यभर पाइपांना आधार देण्यात गेलं त्यांचं. त्यांनी आधी पत्र्यामागचे खांब कुठे आहेत ते टिचक्या मारून शोधायला लावलं, ब्रॅकेट त्या खांबांवर घेतले, आतून जाड पट्ट्या दिल्या आणि प्रत्येक भोकात सीलंट भरून घेतलं. का? कारण कापड उघडल्यावर ते पेटीला बाहेरून खाली खेचतं आणि वारा भरला की वर उचलतं. असा दोन्हीकडचा ताण पत्र्यातल्या स्क्रूला झेपत नाही. आणि सीलंट नसेल तर पहिल्याच पावसात पाणी आत आणि गादी ओली.

तिसरं, उंची आणि रुंदी. पेटी छताच्या वर आली तर गाडीची उंची वाढते, बाजूला आली तर रुंदी. पोडियमच्या दारावर उंची लिहिलेली असते, ती टेपने एकदा स्वतः मोजा. ट्रॅव्हलरसारखी उंच गाडी टॉवरच्या बेसमेंटमध्ये सहसा मावतच नाही, तिला उघड्यावरची जागा लागते. ती सोसायटीकडून लेखी घ्या.

आणि कागदपत्रं! कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांशी न जुळणारे बदल गाडीत चालत नाहीत, असं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी 2019 मध्ये ते ठणकावून सांगितलं आहे. त्यामुळे कन्व्हर्जन करायचं तर आरटीओची मंजुरी आणि नोंद करून देणाऱ्याकडेच जा. बाजूला पेटी बसवणार आहोत, हेही त्याच वेळी बोलून घ्या.

26 जुलैचा हिशेब

आता कापड. पीव्हीसी जड असतं, पण पाणी अजिबात सोडत नाही. चिखल लागला की फडक्याने पुसा, संपलं. अॅक्रिलिक श्वास घेतं, खाली कमी उकडतं, उन्हात रंग लवकर उडत नाही. पण धो धो पावसात तासन्‌तास टिकण्यासाठी ते नाही. पॉलिएस्टर हलकं, पिशवीवाल्या ऑनिंगला बरं. लेबलवर 'हायड्रोस्टॅटिक हेड' नावाचा आकडा असतो. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला तर ते गळायला लागतं, त्याचं हे माप. 1500 मिलिमीटर म्हणजे पास, 3000 म्हणजे फर्स्ट क्लास.

पण खरी गंमत कापडात नाही, उतारात आहे. तीन मीटर लांब आणि अडीच मीटर बाहेर येणारी ऑनिंग म्हणजे साडेसात चौरस मीटर. तिच्यावर फक्त 10 मिलिमीटर पाऊस पडला तरी ते पाणी होतं 75 लिटर. वाहून गेलं तर ठीक, मधोमध साचलं तर डोक्यावर 75 किलोंचा माणूस बसल्यासारखं! 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला होता. तेवढा पाऊस या कापडावर पडला असता तर 7 हजार लिटरच्या वर पाणी झालं असतं. म्हणून पुढचा एक पाय नेहमी दुसऱ्यापेक्षा एक वीत खाली ठेवायचा. पाणी त्या कोपऱ्यातून पागोळीसारखं पडतं. खाली बादली ठेवली तर भांडी घासायची सोय. कापडाला मधोमध झोळ पडत असेल तर आडवा ताण देणारा दांडा वेगळा मिळतो, तो घ्याच.

भर पावसात, वारा सुटलेला असताना कॅसेट उघडी ठेवू नका. ती मुळात उन्हासाठी आणि हलक्या सरींसाठी असते. आणि ओली गुंडाळावी लागली तर घरी आल्यावर एक-दोन दिवसांत उघडून वाळवा. मुंबईच्या दमट हवेत बुरशी यायला वेळ लागत नाही.

सोसायटीतली रंगीत तालीम

पहिल्यांदा ऑनिंग उघडायची ती अनोळखी गावात, अंधारात, भुकेल्या पोटी? छे! नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारातच तालीम झाली. मलाही आमंत्रण होतं, इडली-चटणीच्या लालचेने मी वेळेवर हजर! चेंबूरमध्ये रविवार असाच उजाडतो.

बाबांनी हॅण्डल फिरवलं. मीटरभर कापड बाहेर आलं की थांबायचं, पुढच्या दांड्यातले दुमडलेले पाय खाली सोडायचे, मग उरलेलं उघडायचं. पाय आधी न सोडता सगळं कापड बाहेर काढलं की बाहूंवर फुकटचा ताण येतो. मग पाय जमिनीवर टेकवायचे, उंची ठरवायची आणि वरून एक पट्टा टाकून दोन्ही बाजूंनी खाली बांधायचा. घड्याळ लावलं होतं. पहिल्यांदा 22 मिनिटं. दुसऱ्यांदा 11. तिसऱ्यांदा 6!

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले. ''हे काय? कंपाउण्डमध्ये शेड चालणार नाही हं. आज तुम्ही लावली, उद्या सगळे लावतील.''

त्यांचंही चूक नव्हतं. जुन्या वसाहतीत एकेका ताडपत्रीवरून झालेली भांडणं त्यांनीही बघितली होती. बाबा शांतपणे म्हणाले, ''काका, शेड नाही ही. बघा.'' आणि हॅण्डल उलटं फिरवून त्यांनी सगळी पडवी पेटीत घातली. मग परत बाहेर काढली. सेक्रेटरी बघतच राहिले. जरा वेळाने खुर्ची ओढून बसले. मग जुन्या सात नंबरच्या बिल्डिंगमधले दोन काका आले, एक काकू कोथिंबीर निवडायला घेऊन आल्या. पेपर वाटून झाला. कोण कुठल्या विंगमध्ये राहायला गेलं, कुणाचा मुलगा कुठे असतो, वर्ष-दीड वर्षाच्या राहिलेल्या गप्पा दीड तासात झाल्या. लिफ्टमध्ये रोज भेटणारी हीच माणसं, पण लिफ्टमध्ये काय बोलणार? मजला येतो.

उठताना सेक्रेटरींनी निकाल दिला. महिन्यातून एक रविवार, सकाळी दोन तास, 'मेंटेनन्ससाठी'. लेखी!

नाक दक्षिणेला, पाठ समुद्राला

डिसेंबरात पहिली खरी ट्रिप. चेंबूरकरांचं एक बरं असतं, सायन-पनवेल हायवे दारातच. वाशीची खाडी ओलांडली, पनवेल, पेण, वडखळ करत अलिबाग आणि पुढे नागाव. इथल्या नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये घरगुती राहायची सोय होते. मालकांना आधी फोन करून वाडीत गाडी लावायची परवानगी घेतली होती. पुळणीवर गाडी न्यायचा मोह अजिबात धरू नका. चाकं रुततात, भरती कुणासाठी थांबत नाही आणि तिथे गाडी नेणं नियमातही बसत नाही.

आता गाडी लावायची कशी? आपला पहिला विचार असतो, ऑनिंग समुद्राकडे! फोटोसाठी एकदम भारी. पण कोकणात दुपारी वारा समुद्रावरून येतो, हिवाळ्यात बराचसा वायव्येकडून. समुद्राकडे तोंड केलेल्या कापडात तो शिडासारखा भरतो. शिवाय दुपारनंतरचं ऊन पश्चिमेचं, ते ऑनिंगच्या खालून थेट तोंडावर येतं. म्हणून बाबांनी उलटा हिशेब मांडला. ऑनिंग गाडीच्या डाव्या अंगाला, मग गाडीचं नाक दक्षिणेला करायचं. डावी बाजू आपोआप पूर्वेला येते. अख्खी गाडी वाऱ्याला आडवी भिंत होते आणि दुपारनंतर तिची स्वतःची सावलीही पडवीवर येते. सूर्यास्त बघायचाय? खुर्ची उचला आणि चालत जा. पाच मिनिटांवर तर समुद्र!

सावलीचंही एक गणित आहे. मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात मेच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटी सूर्य भर दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो, तेव्हा सावली ऑनिंगच्या अगदी खाली पडते. डिसेंबरात मात्र तो दुपारी बारालाही दक्षिणेकडे झुकलेला असतो. सव्वादोन मीटर उंचीच्या कापडाची सावली तेव्हा दोन मीटर उत्तरेला सरकते. गाडीचं नाक दक्षिणेला असेल तर सावली जाते मागच्या चाकाकडे. खुर्च्या तिथे मांडायच्या. 'एवढी महागडी ऑनिंग आणि खाली ऊनच' अशी तक्रार करणाऱ्यांनी सूर्याला नाही, खुर्चीला हलवायचं असतं!

मग जमीन. नागावची जमीन रेतीची, त्यात साधी खुंटी ठोकली की लोण्यातून सुरी निघावी तशी वर येते. उपाय सोपा. पिशवीत रेती भरायची, तिला दोर बांधायचा, हातभर खड्ड्यात ती पुरायची आणि वरून पाय देऊन दाबायची. खाली दक्षिणेकडे जांभ्याच्या सड्यावर गेलात तर उलटी अडचण, खुंटी आतच जात नाही. तिथे ऑफिसमध्ये असतात ते 20 लिटरचे पाण्याचे जार कामाला येतात. भरलेला जार म्हणजे 20 किलो वजन. एकेका पायाला एक.

आणि माडाखाली ऑनिंग लावू नका. वरून नारळ पडला तर कापड फाटेल ते फाटेल, खाली बसलेल्याचं काय? वाडीच्या मालकांनीच हे बजावलं आणि गाडी दहा फूट सरकवायला लावली. कोकणातल्या माणसाला पडवीचं कुणी शिकवायला नको. त्यांच्या स्वतःच्या घराची पडवी बघितली, तर तिचा उतारही आमच्या ऑनिंगसारखाच. पुढे खाली, पाणी बाहेर!

रात्री झोपताना मात्र कापड आत. रात्री वारा दिशा बदलतो, जमिनीकडून समुद्राकडे वाहायला लागतो, म्हणजे आता पूर्वेकडून थेट पडवीत. दिवसाची भिंत रात्री कामाची नाही. मित्र कुरकुरला, ''बाबा, सकाळी परत उघडायचंच आहे ना?''

''मी उघडेन. तू झोप.''

सकाळी साडेसहाला दार उघडलं तर पडवी तयार होती. पेपर नव्हता, म्हणून बाबा वाडीतल्या मालकांशी पोफळीच्या भावावर बोलत होते. चहा त्या दोघांनी मागवलेला होता, तिसरा कप माझा!

पटकन टिप्स

• आधी ठरवा, ऑनिंग रोज कोण उघडणार. त्याच्या ताकदीची आणि उंचीची घ्या.

• पहिल्या ट्रिपआधी घराजवळ किमान तीनदा उघडा-मिटा. एकदा तरी टॉर्चच्या उजेडात.

• दार पूर्ण उघडून बघा. दाराचा कोपरा कापडाला घासत असेल तर पेटी थोडी वर घ्या.

• एक पाय वीतभर खाली. सरळ ऑनिंग म्हणजे पाण्याची टाकी.

• पानं, फांद्या हलायला लागल्या की पट्टा बांधा. झाडं डोलायला लागली की कापड आत घ्या. गाडी सोडून फिरायला जाताना तर नक्कीच.

• ऑनिंगखाली उघड्या ज्योतीचा स्टोव्ह कापडाच्या जवळ नको. बाजूचे पडदे बंद करून आत स्वयंपाक तर अजिबात नको. आग आणि विषारी वायू, दोन्हींचा धोका.

• दोरांना रंगीत चिंध्या बांधा. रात्री पाय अडकून पडणारा पहिला माणूस तुम्हीच असता.

• निघताना गाडीभोवती एक चक्कर मारा. पेटी बंद, पाय आत, कडी लागलेली. ऑनिंग उघडी ठेवून गाडी सुरू करणं हा तिला मोडायचा सगळ्यात सोपा मार्ग आहे.

• रस्त्याच्या कडेला, हायवेच्या शोल्डरवर ऑनिंग उघडू नका. तिथे पडवी नसते, अपघात असतो.

बेड किती, बॅटरी किती, टाकी किती, हे सगळं सेल्समन सांगेलच. संध्याकाळी पाच वाजता घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस कुठे बसणार, हे मात्र त्याला तुम्ही विचारा.